वर्गाचा ब्लॉग मुलांच्या हाती द्यायचा तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या सरांचा प्रश्न असा: "तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग आहे. फळ्यावरचं पोरं मोत्यासारखं उतरवतात, पण मनानं चार ओळी लिहा म्हटलं की पेन थांबतो. वर्गाचा ब्लॉग काढावा आणि तो मुलांनीच चालवावा असं मनात आहे. पण फोन एकच, तोही माझा. रेंज टाकीजवळ गेल्यावर येते. मुलं वऱ्हाडी बोलतात, काही कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची आहेत. यानं लेखन खरंच सुधारतं, की आणखी एक उपक्रम डोक्यावर?"

सर, सुधारतं. अट एकच: मुलानं लिहिलेलं कोणीतरी मनापासून वाचलं पाहिजे आणि वाचून त्याला काहीतरी विचारलं पाहिजे. एवढी सोय तुम्ही लावू शकत असाल तर ब्लॉग जरूर काढा. लावू शकत नसाल तर भिंतीवर कागद चिकटवा, तेवढंच काम होईल आणि रिचार्ज वाचेल.

आपल्याकडच्या शाळांचे ब्लॉग उघडून पाहा. शासन निर्णय, शिष्यवृत्तीचे सराव पेपर, झेंडावंदनाचे फोटो, पाहुण्यांचा सत्कार. गुरुजींनी गुरुजींसाठी काढलेले. उपयोगाचे असतात, मीही तिथून कितीतरी नमुने उतरवून घेतले आहेत. पण अख्ख्या ब्लॉगवर मुलाचं एक वाक्य सापडत नाही. सापडलंच तर ते बालदिनाच्या भाषणातलं, तेही मॅडमनी लिहून दिलेलं. तुम्हाला काढायचा आहे तो ब्लॉग याच्या अगदी उलट्या टोकाचा आहे, म्हणून तो वेगळ्या रीतीनं उभा करावा लागतो.

तुमच्या मुलांना लिहिता येत नाही असं मला वाटत नाही. लिहायचं कारण त्यांच्यापुढे आलेलं नाही. 'माझी आई' हा निबंध वाचणार कोण? तुम्ही. त्याची आई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते, तुम्ही तिच्याशी रोज बोलता. मुलाला पक्कं ठाऊक असतं की सरांना यातून नवीन काही कळणार नाही, ते वेलांट्या तपासणार आहेत. मग ते ज्यात चूक होणार नाही असंच वाक्य लिहितं: "माझ्या आईचे नाव अमुक आहे. ती मला खूप आवडते." सगळ्या वर्गाच्या आया सारख्याच निघतात. तेच मूल मधल्या सुट्टीत काल रात्री वावरात डुकरं कशी शिरली ते अर्धा तास हातवारे करून सांगतं, कारण ऐकणाऱ्यांना ते माहीत नसतं.

ही गोष्ट शिक्षकांच्या लक्षात येऊन शंभर वर्षं होत आली. सेलेस्टँ फ्रेने नावाचे एक फ्रेंच शिक्षक पहिल्या महायुद्धात छातीत गोळी लागून जायबंदी झाले होते, वर्गात फार वेळ बोलता येत नव्हतं. दक्षिण फ्रान्समधल्या बार-सूर-लू या खेड्याच्या शाळेत १९२४ च्या सुमारास त्यांनी एक छोटं हातछपाईचं यंत्र आणलं. मुलं आपल्या गावचं, घरचं लिहीत, खिळे जुळवून स्वतः छापत आणि ते कागद दूर ब्रिटनीच्या समुद्रकाठच्या एका शाळेला पाठवत. तिकडची मुलं मासेमारीचं लिहून पाठवत. डोंगराकडच्या पोराला मासेमारी माहीत नाही आणि समुद्राकडच्याला डोंगर, म्हणून दोघांनाही नीट सांगावं लागे. तुमचा ब्लॉग म्हणजे तेच छपाईचं यंत्र, फक्त शाई लागत नाही.

आता कामाचं बोलू.

शाळा जूनअखेरीला उघडते. पोळ्यापर्यंत ब्लॉगचं नावही काढू नका. तोवर दोन सवयी लावायच्या. पहिली, रोज परिपाठानंतर दहा मिनिटं 'आपली बातमी'. वर्तमानपत्रातल्या मथळ्यांना इथे बंदी, स्वतः पाहिलेलं किंवा घरी घडलेलं तेवढंच. गाय जनली, डीपी जळाला, आजी दवाखान्यातून आली, पेरलेलं उगवलं नाही म्हणून बाबा पुन्हा बियाणं आणायला गेले. त्यातली एक बातमी मुलं निवडतात, तुम्ही ती सांगणाऱ्याच्या शब्दांत फळ्यावर लिहिता. त्याच्याच शब्दांत, हे महत्त्वाचं. आपण बोललेलं लिहिता येतं, हे काही मुलांना तेव्हा पहिल्यांदा दिसतं.

दुसरी सवय प्रश्नांची, आणि सगळ्या कामाचा जीव तिच्यात आहे, म्हणून इथे जरा थांबते. मुलानं लिहिलेलं आधी तुमच्याकडे येऊ देऊ नका. ते दुसऱ्या मुलाकडे जाईल. त्या पहिल्या वाचकानं एकही चूक काढायची नाही. त्यानं फक्त दोन-तीन प्रश्न कागदाखाली लिहायचे, त्याला खरंच पडलेले. एका चौथीच्या पोरानं लिहिलं होतं:

"काल आमच्या वावरात डुकरं आले. बाबानं डबा वाजवला. मंग ते पयाले."

खाली त्याच्या वर्गमैत्रिणीचे प्रश्न: "किती होते? तू कुठं होता? त्यायनं काय खाल्लं?" दुसऱ्या दिवशी कागद परत आला तो असा:

"काल रात्री मी बाबासंग जागलीला गेलो. मचानावर झोपलो होतो. डुकरं आले. सात होते का आठ, अंधारात समजलं नाही. बाबानं टिनाचा डबा वाजवला तरी ते तूर खातच होते. मंग खालच्या वावरातलं कुत्रं भुकलं, तवा पयाले. सकाळी पाहिलं तर चार तासं साफ."

(तासं म्हणजे पिकाच्या ओळी.) मी यात एक अक्षर सांगितलेलं नाही. "सविस्तर लिहा", "वर्णन करा" असं आपण वर्षभर सांगतो आणि मुलाला त्याचा अर्थच लागत नाही. "तू कुठं होता?" याचा अर्थ मात्र लगेच लागतो. सुरुवातीला मुलं "छान लिहिलं" एवढंच लिहितील. ते चालवून घेऊ नका. 'छान' या शब्दावर आमच्या वर्गात सरळ बंदी होती. काही मुलं वाचायच्या आधीच "कुठं? कधी? कोण?" असे छापील प्रश्न टाकतात, त्यांनाही परत पाठवायचं.

विषय तुम्ही देऊ नका. द्यायचाच झाला तर लहान द्या. 'पोळा' म्हटलं की वर्षानुवर्षं साठलेला निबंध बाहेर येतो, "पोळा हा बैलांचा सण आहे" पासून. तान्ह्या पोळ्याला तुझ्या लाकडी बैलाचं काय झालं, असं विचारा. कोणाच्या बैलाचं चाक निघालेलं असतं, कोणी भावाचा बैल रंगवून स्वतःचा म्हणून नेलेला असतो. भुलाबाईचंही तसंच. गाणी उतरवून काढायला सांगू नका, ती पुस्तकांत आहेत. खाऊ ओळखताना डब्यात काय निघालं आणि कोण हरलं, ते लिहू द्या.

पोळा-गणपतीनंतर ब्लॉग उघडा आणि संपादक मंडळ नेमा. तुमच्या पटाला चार जण पुरेत, दर पंधरवड्याला बदलून. एकानं कागद गोळा करायचे आणि कोणाचा कधीचा पडून आहे त्याची वही ठेवायची. दोघांनी मोठ्यानं वाचून कुठला लेख लावायचा ते ठरवायचं. एकानं आलेल्या प्रश्नांना उत्तरं मिळवायची. मंडळात हुशार मुलंच घेण्याचा मोह आवरा. तिसरीतल्या ज्या मुलाला अजून जोडाक्षरं जमत नाहीत, त्याला कागद गोळा करायला द्या. वही ठेवण्यासाठी त्याला रोज नावं लिहावी लागतात, आणि सगळ्यांचे कागद हातात आले की ते वाचल्याशिवाय त्याला राहवत नाही. ज्याला अजिबात लिहिता येत नाही तो सांगतो, चौथीची ताई लिहून घेते आणि खाली दोघांची नावं येतात.

नकार देण्याचा हक्क मुलांचा आहे, तुमचाही आणि लिहिणाऱ्याचाही. मंडळ म्हणालं "हा लेख अजून समजत नाही", तर तो प्रश्न जोडून परत जातो. लिहिणारा म्हणाला "माझा नका लावू", तर नाही लावायचा, कितीही सुंदर असो. आठवड्याला दोनच लेख लावा. प्रत्येकाचा दर आठवड्याला आलाच पाहिजे असा नियम केलात की आठवडाभरात पाट्या टाकणं सुरू होतं. आणि स्पर्धा, क्रमांक, 'सर्वोत्कृष्ट लेखक' हे काही नको. क्रमांक लावले की प्रश्न विचारणारा वाचक संपतो आणि परीक्षक उरतो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलंत. वऱ्हाडी राहू द्या. 'पयाले'चं 'पळाले' तुम्ही केलंत तर पुढच्या वेळी मूल डुकरांची गोष्टच सांगणार नाही, "वन्य प्राणी पिकांचे नुकसान करतात" असं लिहील. तिसरीपर्यंत मी काहीच बदलू देत नाही. चौथीत एक खेळ घेते: तोच मजकूर एकदा आजीला सांगायचा आणि एकदा पुण्याच्या मुलाला. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मुलं स्वतःच ठरवतात, कुठं काय शोभतं. बरीच मुलं बोलणं वऱ्हाडीत ठेवतात आणि बाकीचं पुस्तकी करतात. काही तसंच ठेवतात. दोन्ही चालतं. घटक चाचणीत प्रमाण मराठीच लागते हे त्यांना खुशाल सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

शुद्धलेखनाचं वेगळं. ते लावण्याआधी एकदाच पाहायचं आणि एका वेळी एकच गोष्ट. आधी महिनाभर पूर्णविराम, मग काना-मात्रा, मग अनुस्वार. ऱ्हस्व-दीर्घाचं ओझं चौथीत आणा आणि तेही एका नियमापासून. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांतला एक नियम या वयाला पेलतो: शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ. पाणी, मुलगी, पेरू, वाळू. 'आणि'सारखे काही तेवढे लबाड, ते ऱ्हस्व. हा एक नियम हातात आला की मंडळातली पोरं दुसऱ्यांचे कागद भिंगानं पाहिल्यासारखे पाहतात आणि वर्गातल्या बऱ्याच ऱ्हस्व-दीर्घ चुका आपोआप कमी होतात. लाल पेन कपाटात ठेवा.

पोडावरच्या मुलांकडे थोडं जास्त लक्ष द्या. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, तिचा सांगाडाच मराठीहून वेगळा आहे. मराठीसारखी तीन लिंगं तिच्यात नाहीत. ते मूल 'झाड पडला', 'ती कुत्रं' असं लिहितं तेव्हा ते निष्काळजी नसतं, त्याच्यासाठी ही परकी भाषा आहे. त्याला आधी कोलामीत सांगू द्या. वर्गात दुसरं कोलाम मूल असेल तर दोघं मिळून ते देवनागरीत उतरवतील, जसं ऐकू येतं तसं. वर कोलामी, खाली मराठी, असा लेख लावा. आमच्या भागात अशा लेखांना सर्वांत जास्त प्रश्न यायचे, कारण शेजारच्या गावातल्या मुलांनीही ती भाषा कधी लिहिलेली पाहिली नव्हती. बंजारा तांड्यावरच्या किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठीही हीच रीत.

आता वाचक. गावातले लोक लिंक उघडतील या भरवशावर राहू नका. पालकांच्या ग्रुपवर लिंक टाकली की हात जोडल्याची चित्रं येतात आणि विषय संपतो. लावलेला लेख तालुक्याला जाल तेव्हा छापून आणा किंवा मुलांकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि पिठाच्या गिरणीत चिकटवा. दळण होईपर्यंत माणूस तिथं उभाच असतो, वाचायला दुसरं काही नसतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांची नात वाचून दाखवते. खाली एक पेन दोरीनं बांधून ठेवा. गिरणीतल्या कागदावर आलेला "लेका, तुझ्या बाबानं मागच्या साली पण डुकराचं सोंग केलतं, इचार त्याले" हा शेरा कुठल्याही अधिकाऱ्याच्या अभिप्रायापेक्षा जास्त लिहायला लावतो.

खरा वाचक मात्र जोडशाळा, म्हणजे जिच्याशी लेखांची आणि प्रश्नांची देवाणघेवाण चालते अशी दुसरी शाळा. हे केल्याशिवाय ब्लॉग काढू नये असं माझं मत आहे. लांबची, वेगळं पीक घेणारी शाळा निवडा. आपल्या विदर्भातच सोय आहे: तुमच्याकडे कापूस-सोयाबीन, गोंदिया-भंडाऱ्याकडे धान. आमची जोड तशीच होती. आमच्या एका मुलीनं लिहिलं, "दिवाळीपासून माझी आई वेचायले जाते." तिकडून प्रश्न आला: "काय वेचायला?" मुलगी थक्क. वेचायचं म्हणजे कापूसच, दुसरं काय! तिला पहिल्यांदाच कळलं की आपल्याला उघड वाटतं ते दुसऱ्याला माहीत नसतं. मग तिनं घरी आईला विचारून लिहिलं. कमरेला झोळी कशी बांधतात, पऱ्हाटीच्या काटक्यांनी हात कसे ओरबाडतात, बोंडातून सरकी धरून कापूस कसा ओढायचा म्हणजे पालापाचोळा येत नाही, दवानं ओला कापूस वजनाला जास्त भरतो म्हणून शेतमालक सकाळी लवकर का वेचू देत नाही आणि मजुरी किलोवर कशी मोजतात. त्या लेखात गणितही होतं आणि अर्थशास्त्रही. तिकडच्या मुलांनी पऱ्ह्यांचं, म्हणजे धानाच्या रोपांचं, आणि रोवणीचं, म्हणजे त्यांच्या लावणीचं लिहिलं, तर आमची पोरं "बांधीत पाणी किती? साप येत नाही का?" म्हणून मागे लागली. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामाभोवती शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला गेला, तो आपण बी. एड., डी. एड.ला पाठ करतो. तो मुलीच्या त्या दीड पानात जिवंत दिसला.

जोडशाळेच्या शिक्षकाशी आधी एवढंच ठरवा: प्रत्येक लेखाला आठ दिवसांत निदान एक प्रश्न जाईल. एका बाजूनं हे थांबलं की दोन्हीकडचं लेखन थांबतं. तुमच्या ओळखीत कोणी नसेल तर तुमचेच डी. एड.चे वर्गमित्र आठवून पाहा, आंतरजिल्हा बदलीनं कुठे कुठे पांगलेले असतात.

एक गोष्ट जड आहे, पण सांगायला हवी. मुलं खरं लिहायला लागली की सगळंच लिहितात. घरातलं भांडण, बाबाची दारू, सावकार दारात येऊन काय बोलला, बहिणीची शाळा का सुटली. आपल्या भागात एखाद्या मुलाच्या घरी याहून मोठं घडलेलं असतं आणि वर्गाला ते माहीत असतं. मूल एक दिवस ते लिहून तुमच्या हातात ठेवतं. असं लेखन ब्लॉगवर जात नाही, गिरणीतही नाही, मंडळापुढेही नाही. त्यासाठी पहिल्या दिवसापासून प्रत्येकाची एक 'आतली वही' असू द्या, जी फक्त तुम्ही वाचता, आणि तीही मुलानं दिली तरच. वाचल्यावर शुद्धलेखन पाहू नका, शेरा लिहू नका. त्याच्याजवळ बसा, बोला. मुलाला इजा होते आहे किंवा धोका आहे असं त्यातून कळलं तर मुख्याध्यापकांना सांगा आणि १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, ते वहीत ठेवून द्यायचं नाही. आणि मुलाचं दुःख छापून शाळेसाठी मदत गोळा करण्याचा मार्ग कोणी सुचवेल, चांगल्या मनानंच सुचवेल. त्याला नाही म्हणा. पुढे ते मूल पंधरा वर्षांचं होईल आणि स्वतःचं नाव शोधून पाहील.

याच कारणानं नावांचे नियम कडक ठेवा. लेखाखाली मुलानं निवडलेलं टोपणनाव. आमच्याकडे 'चिमणी', 'ट्रॅक्टर', 'वरचा बाक' अशी नावं होती. चेहऱ्याचे फोटो नाहीत, त्याऐवजी मुलांची चित्रं आणि हस्ताक्षराचा फोटो. गावाचं पूर्ण नाव नाही. कोण वावरात कामाला जातं, कोणाचे आईबाबा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि घरी आजीच असते, हे लेखावरून बाहेरच्या माणसाला ओळखता येत असेल तर तेवढं वाक्य मुलाला विचारून काढा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची खात्रीशीर संमती मागतो. म्हणून साध्या मराठीत अर्धं पान लिहा, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवा, ठराव घ्या आणि प्रत्येक पालकाची सही किंवा अंगठा घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात आणि निम्म्या बायका, त्यामुळे ही सभा कागदी होत नाही. आया फार नेमके प्रश्न विचारतात.

फोनचं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. गूगलचा ब्लॉगर फुकट आहे. खातं शाळेचं काढा, मुलांची खाती काढायची गरज नाही आणि त्या वयात ती काढूही नयेत. सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा: शोधयंत्रांना ब्लॉग दिसणार नाही असं ठेवा, आलेली प्रत्येक टिप्पणी तुम्ही मंजूर केल्याशिवाय दिसणार नाही असं ठेवा, आणि ईमेलनं लेख पाठवण्याची सोय चालू करून तो मसुदा म्हणून साठवायला सांगा. ही तिसरी सोय रेंज नसलेल्या गावासाठीच केल्यासारखी आहे. मुलं वर्गात मेल लिहून पाठवतात, तो फोनमध्ये पडून राहतो, तुम्ही टाकीजवळून घरी जाताना आपोआप निघून जातो. रात्री तुम्ही फक्त पाहून प्रकाशित करायचं.

टायपिंगला वेळ फार जातो ही तक्रार खरी आहे. चौथीच्या मुलांनी एका बोटानं देवनागरी टाइप करणं वाईट नाही, 'क्ष' आणि 'र्य' कसे बनतात ते त्यात कळतं. पण रोज तेच केलं तर लेखनाचा तास टायपिंगचा होतो. बोलून टाइप करण्याची सोय २०१७ पासून मराठीत आहे, ती वापरा, वेगळ्या हेतूनं. मुलानं आपलाच कागद फोनला वाचून दाखवायचा. जिथं शब्द गळलेला असतो तिथं ते अडखळतं. वऱ्हाडी शब्द फोन भलतेच लिहितो, वर्गात हशा होतो आणि मग सगळे मिळून दुरुस्त करतात. विरामचिन्हं बहुतेक वेळा स्वतःलाच टाकावी लागतात, म्हणजे वाक्य कुठं संपलं ते ठरवावं लागतं. पूर्णविराम शिकवायला मला यापेक्षा चांगली रीत सापडलेली नाही. आठवड्याला दोन लेख, म्हणजे फोन वर्गात आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास. बाकी सगळं कागदावर.

हल्ली मोठ्या भावाच्या फोनवरून तयार लेख उतरवून आणण्याचा प्रकारही सुरू झाला आहे, गुळगुळीत, 'निसर्गरम्य' वगैरे शब्द असलेला. त्याला रागावू नका, पहिल्या वाचकाकडे द्या. "हे कुठलं वावर? कोणाची विहीर?" या प्रश्नांपुढे तो कागद टिकत नाही.

फरक पडतो का हे कसं पाहायचं? जुलैचं एक पान आणि जानेवारीचं एक पान प्रत्येकाच्या संचिकेत लावा. ओळी मोजू नका. न सांगता लिहिलेलं किती, स्वतः खोडून पुन्हा लिहिलेलं किती, वाचकानं विचारायच्या आधीच दिलेली उत्तरं किती, हे पाहा. त्यावरून वर्णनात्मक नोंदी अशा लिहिता येतात की प्रत्येक मुलाची नोंद वेगळी होते. 'लेखनात प्रगती आहे' हे एकच वाक्य सगळ्या पटापुढे लिहावं लागत नाही. केंद्रप्रमुख आले आणि म्हणाले की ब्लॉगवर अशुद्ध लेखन दिसतं, तर ही दोन पानं त्यांच्यापुढे ठेवा. बहुतेक जण ऐकतात. न ऐकणाऱ्यासाठी ब्लॉगच्या माथ्यावर एक ओळ ठेवा: "हे लेखन मुलांनी स्वतः केले व तपासले आहे."

मधे मधे ब्लॉग थंडावेल. कापूस फुटला की हजेरी घटते, मार्चमध्ये मोहाच्या दिवसांत पुन्हा घटते, मग सकाळची शाळा. त्या आठवड्यांत ओढून-ताणून काही लावू नका. जी मुलं येतात त्यांनी जुन्या लेखांखालचे अनुत्तरित प्रश्न काढावेत, तेवढं पुरे. रानातून परत आलेल्या मुलांकडे सांगायला सगळ्यात जास्त असतं.

शेवटी एक व्यवहाराचं. खातं तुमच्या खासगी ईमेलवर काढू नका. मी पाहिलेले बहुतेक चांगले वर्गब्लॉग शिक्षकाच्या बदलीबरोबर बंद पडले, पासवर्ड त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात गेला. शाळेच्या नावानं ईमेल घ्या, पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा आणि प्रभार-यादीत त्याची नोंद करा, खुर्च्या-टेबलांच्या नोंदीखाली. वर्षाअखेरीला सगळे लेख छापून, शिवून एक प्रत वाचनालयात लावा. चौथीची पोरं पाचवीला बाहेरगावी जातील तेव्हा जाण्याआधी त्यांनी तिसरीच्या मुलांना मंडळाचं काम शिकवायचं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, वार्षिक परीक्षेच्या गडबडीआधी. तो आठवडा आत्ताच तुमच्या वार्षिक नियोजनात लिहून ठेवा.